स्क्रूचा पाव फेरा

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या लॅपटॉपचं खालचं झाकण निघालं आणि धाकटीचा हात तिथल्या तिथे थांबला. बॅटरी फुगली होती. तीन कप्प्यांपैकी मधला कप्पा उशीसारखा वर आला होता, त्यानं टचपॅडला खालून रेटलं होतं आणि म्हणून टचपॅड दाबलं जात नव्हतं. यात नवल काहीच नव्हतं. असल्या बॅटऱ्या तिनं आजवर डझनांनी काढल्या होत्या, पेटल्याच तर म्हणून वाळूच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि विसरूनही गेली होती. पडद्यापलीकडे काउंटरवर बाई सांगत होत्या, "बाकी काही नाही हो, फक्त ते क्लिक होत नाही. पाच मिनिटांचं काम असेल." आणि भाऊजी, म्हणजे धाकटीचे दीर, ज्यांना स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूनं धरतात एवढंच ठाऊक होतं पण जे बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत, ते म्हणाले, "पाच कशाला, तीन मिनिटांत घ्या." क्लिक होत नाही. हेच शब्द याच काउंटरवर अकरा दिवसांपूर्वी ऐकले होते. त्या दिवशी ते धाकटीच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या तोंडून आले होते, आणि लॅपटॉपही असाच होता, याच बांधणीचा.

दुकान दोघांचं होतं. भाऊजी पुढे, ती पडद्यामागे. गिऱ्हाइकांना वाटायचं दुरुस्ती भाऊजी करतात, मागे कुणीतरी झाडलोट करत असेल. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट पडद्यामागं बरं वाटायचं. माणसं यंत्राबद्दल खोटं बोलतात, पडलं नाही म्हणतात, पाणी सांडलं नाही म्हणतात, आणि ते खोटं तिला तोंडासमोर ऐकावं लागत नसे. यंत्र उघडलं की सगळं कळे. चार्ज होत नाही म्हणून कुणी रडकुंडीला आलेलं असे आणि पिनेच्या भोकात कापसाचा गोळा अडकलेला असे. कुणाचा चार्जर बरा असे पण भिंतीतला पॉइंटच मेलेला असे. ती आधी साधं बघायची, मग अवघड. दुसरा चार्जर, दुसरा पॉइंट, बटण अर्धा मिनिट दाबून धरणं, आणि मगच झाकणाला हात. घाई करायची नाही, हा तिचा नियम होता, आणि तो नियम तिनं मुद्दाम पाळायला घेतला होता, कारण लहानपणापासून घरात तिला घाईबाई म्हणत. हे नाव ताईनंच पाडलं होतं. चाळीस वर्षं ते पुसायचं म्हणून ती प्रत्येक स्क्रू डबीत क्रमानं ठेवत आली, आणि अकरा दिवसांपूर्वी ताई काउंटरवर उभी होती तेवढी दहा मिनिटं मात्र तिनं कसलाच नियम पाळला नाही.

त्या दिवशी ताईचा आवाज ऐकला तेव्हा तिनं पडदा सरकवला नाही. सहा महिने बोलणं नव्हतं. ताई गिऱ्हाइकासारखी उभी होती आणि भाऊजींशी बोलत होती, जणू पडद्यामागे कुणी नाहीच. लॅपटॉप आईच्या उशाशी असतो, म्हणाली. दिवसभर चालूच असतो. आईला कुठल्याशा बंदरावरचा कॅमेरा बघायचा असतो, जहाजं येतात, जहाजं जातात, तेच बघत पडून असते बिचारी. आता एक तर ते क्लिक होत नाही. आणि दुसरं म्हणजे चार्जिंग ऐंशीवर अडकतं, शंभर काही होत नाही. भाऊजी लॅपटॉप घेऊन आत आले आणि भुवया उडवल्या. धाकटीनं नुसता हात पुढे केला. ऐंशीवर अडकण्यात बिघाड नव्हताच. सतत चार्जर लावलेला असेल तर बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून यंत्र स्वतःच ऐंशीला थांबतं, ते तिनं भाऊजींच्या कानात सांगितलं, आणि भाऊजींनी बाहेर जाऊन ताईला सांगितलं, आणि ताई म्हणाली, "मला शंभर दिसू दे. वीज गेली तर तेवढंच जास्त चालेल. आई कासावीस होते बंद पडलं की." हे ऐकून धाकटीच्या मनात आलं, घे तुझे शंभर. दोन ठिकाणी बोट लावलं आणि मर्यादा काढून टाकली. मग झाकण उघडलं. टचपॅडच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो पाव फेरा सैल केला की टचपॅड जरा मोकळं होतं. तिनं केला. टक् असा आवाज आला. काम झालं होतं. आणि झाकण परत लावताना तिच्या अंगठ्याला मधला कप्पा लागला, जरासा मऊ, जरासा वर.

लागला होता. हेच ती आता टेबलाशी बसून स्वतःला सांगत होती. नव्हता लागला, असं म्हणायची सोय नव्हती. अंगठ्याच्या पेराला तो मऊपणा अजून आठवत होता. त्या वेळी तिनं मनात म्हटलं होतं, काळ्या टेपची सुरकुती असेल. बॅटरी काढून बघायची तर तासभर गेला असता, नवी मागवायला दोन दिवस, म्हणजे ताई बाकावर बसून राहिली असती, मग पुन्हा आली असती, मग कधीतरी पडदा सरकवून बाहेर जावं लागलं असतं आणि नजरेला नजर द्यावी लागली असती. सुरकुती असेल. चार स्क्रू लावले, लॅपटॉप भाऊजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "सांगा, चार्जर लावून ठेवला तरी चालतो." ताई जिना उतरून जाईपर्यंत ती श्वास रोखून बसली होती. आणि आता ती बॅटरी शंभरावर, दिवसरात्र, कापसाच्या गादीवर, जिथे खालची हवाच बंद होते, आईच्या गालापासून वीतभर अंतरावर. आईला कुशीवर वळता येत नव्हतं. तिथून उठून पळणं तर लांबच.

तिनं ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दुपारी आई झोपते तेव्हा ताई फोनचा आवाज बंद करून ठेवते हे तिला माहीत होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. मग भाऊजींना लावायला सांगितला, न जाणो, तिचा नंबर बघून ताई उचलत नसेल. तोही वाजत राहिला. "वहिनी, झालंय काय?" भाऊजींनी विचारलं. तिनं डॉक्टरीणबाईंची बॅटरी त्यांच्यापुढे धरली. "बाईंना सांगा, तीन मिनिटांत होणार नाही. आणि मी ताईकडे जातेय." टेबलाखालचा वाळूचा पत्र्याचा डबा तिनं उचलला, स्क्रूड्रायव्हरची गुंडाळी पर्समध्ये कोंबली आणि बाहेर पडली. रिक्षाला हात केला, थांबली नाही. दुसरी थांबली नाही. बस आली म्हणून बसमध्ये चढली, आणि बस सुटल्यावर वाटलं की रिक्षाच बघायला हवी होती.

डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. शेजारच्या बाईनं झाकणाच्या फटीतून वाळू बघितली आणि आपुलकीनं विचारलं, "मांजरासाठी का?" धाकटी हो म्हणाली. बाई म्हणाली, "आमचं पण असंच. नुसता पसारा." आणि पुढचे तीन थांबे ती आपल्या बोक्याबद्दल बोलत राहिली, आणि धाकटी मान हलवत राहिली, आणि तिला वाटलं की हे असंच चालू राहावं, बस कुठे पोचूच नये. फुगलेली बॅटरी पेटतेच असं नाही. शंभरांतली एखादी पेटते. महिनोन्‌महिने फुगून तशाच पडून राहतात लोकांच्या कपाटात. हे ती गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायची, घाबरू नका म्हणून. तिनंच एकदा एक पेटलेली बघितली होती, टेबलावर, टोचली गेली म्हणून. आधी शिटीसारखा आवाज, मग पांढरा धूर, मग जाळ, आणि सगळं मिळून चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. त्या दिवशी भाऊजी दुकान सोडून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले होते आणि नंतर आठवडाभर लोकांना सांगत होते की मी विझवली.

सिग्नलला बस थांबली आणि तिला हॉस्पिटलचा तो लांबट, फिकट हिरव्या भिंतींचा पॅसेज आठवला. ती तो आठवायचं टाळत असे. सहा महिन्यांपूर्वी ताईनं आईला रक्तदाबाची गोळी एकदा दिली, मग दिली हे विसरून परत दिली, आणि आई न्हाणीघरात कोसळली. धाकटी पोचली तेव्हा ताई डॉक्टरसमोर उभी होती. ताईचे केस सुटलेले होते, एका पायात चप्पल नव्हती. डॉक्टरनं विचारायच्या आधीच ती म्हणाली होती, "गोळी मी दोनदा दिली. चूक माझी आहे." एवढं सरळ. त्यामुळेच उपचार वेळेवर झाले, आई वाचली, हे डॉक्टरनंही सांगितलं. पण धाकटीनं ते ऐकून घेतलं नाही. तिनं त्या पॅसेजमध्ये, नर्सच्या आणि कुणाकुणाच्या नातेवाइकांच्या देखत, मोठ्यानं म्हटलं, "तुझ्या हातात आईला ठेवायलाच नको. एक दिवस मारशील तिला." ताईनं फक्त चप्पल नसलेला पाय दुसऱ्या पायावर ठेवला. त्यानंतर धाकटीनं आईला आपल्याकडे न्यायचं काढलं, निरोपावर निरोप पाठवले. ताईनं सगळ्याला एकच उत्तर दिलं, आई इथेच राहील. तेव्हापासून रविवारी सकाळी ताई शेजारी किल्ली ठेवून बाहेर निघून जाई आणि धाकटी तासभर आईजवळ बसून किल्ली परत देऊन येई. आई दोघींची होती, पण दोघी एका वेळी तिच्या खोलीत नसत. आणि गेल्या रविवारी, पंधरा दिवसांनी नवरा घरी आला म्हणून, ती गेली नव्हती. गेली असती तर दिसलं असतं. तिच्या डोळ्यांतून ते सुटलं नसतं. असं तिनं स्वतःशी म्हटलं आणि लगेच अंगठ्याचं पेर आठवलं.

मग एक विचार तिच्या डोक्यात असा गुपचूप येऊन बसला की तो कधी आला ते तिला कळलंच नाही. ताईला काय माहीत आहे? काहीच नाही. बॅटऱ्या फुगतात, आपोआप फुगतात, कुणाच्याही फुगतात. दुकानात आज अशीच एक आली, म्हणून मला तुझी आठवण झाली, म्हणून धावत आले. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त मधला एक स्क्रू गाळायचा. मर्यादा काढली ती तर ताईनंच मागितली म्हणून. या विचारानं तिच्या छातीवरचं ओझं इतकं पटकन उतरलं की तिला स्वतःची किळस आली. आई तिथे जळत असेल किंवा नसेल, आणि आपण बसमध्ये बसून वाक्यं जुळवतोय. तरी वाक्यं जुळतच राहिली. उतरेपर्यंत ती तिला पाठ होऊन गेली होती.

रस्त्यात धुराचा वास येत नव्हता. कुणी खाली गोळा झालेलं नव्हतं. लिफ्टची वाट न बघता ती तीन मजले चढली, डबा कमरेवर घेऊन, आणि बेल वाजवली. दार उघडायला ताईनं वेळ लावला. ताई वाळली होती, ते धाकटीला समोरून आजच दिसलं. मग ताईची नजर डब्यावर गेली. "लॅपटॉप कुठंय?" धाकटीनं विचारलं. सहा महिन्यांनंतरचा पहिला शब्द हा. "आईजवळ. का? हळू बोल, झोपलीय ती," ताई म्हणाली, पण धाकटी तोवर आत पोचली होती.

आई उताणी झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास चालू. उशीला लागून गादीवर लॅपटॉप मिटलेला होता, चार्जर लावलेला, आणि त्याच्यावर ताईचा शाळेतला जाडजूड शब्दकोश ठेवलेला होता. "हे वर काय ठेवलंयस?" ताई दारातून म्हणाली, "अगं, दोन दिवस झाकण नीट बसत नाही, मधे फुगवटा आलाय. दाबून ठेवलं की जरा बसतं." धाकटीनं आधी भिंतीतलं बटण बंद केलं. मग शब्दकोश उचलला, सरळ वर, जराही न घासता. मग आईचा हात. तो लॅपटॉपच्या कडेवर होता, झोपेतही, कारण तिथे ऊब लागत असणार. तिनं ती बोटं एकेक करून सोडवली. लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर घेऊन ती बाल्कनीत गेली, फरशीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, दार लावून घे आतून. आईजवळ थांब."

झाकण काढायचे स्क्रू नेहमीचेच होते, पण आज एकेक स्क्रू संपता संपेना. तिन्ही कप्पे फुगले होते. मधल्यावरची टेप ताणून चकचकीत झाली होती आणि एका कोपऱ्यातून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता. तिनं जोडणीची पट्टी सोडवली, बाजूचे चार स्क्रू काढले, आणि बॅटरी न वाकवता, श्वास न घेता उचलून वाळूत ठेवली. वरून वाळू लोटली. झाकण नुसतं टेकवलं. मग डबा बाल्कनीच्या टोकाला सरकवला आणि भिंतीला पाठ लावून बसली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. तिला रडू आलं नाही, नुसती खूप तहान लागली.

ताईनं दार उघडून पाणी दिलं. विचारलं, आणि धाकटीनं सांगितलं, पाठ केलेलं. दुकानात आज अशी एक आली. फुगतात आपोआप. पेट घेतात कधी कधी. शब्दकोशाच्या दाबानं तर नक्कीच. म्हणून धावत आले. ताई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. "म्हणजे मी परत..." ती म्हणाली आणि थांबली. मग चौकटीला धरून खाली बसली. "मी दाबून ठेवत होते गं. आईच्या तोंडाशी." धाकटी म्हणाली, "तुला काय माहीत असणार." हे तर खरंच होतं. पण ते म्हणताना ती ग्लासाकडे बघत होती.

बॅटरीशिवायही लॅपटॉप चार्जरवर चालला. तो धाकटीनं खोलीतल्या टेबलावर, गादीपासून लांब ठेवला, आणि आई जागी झाली तेव्हा पडद्यावर एक लांबलचक तांबडं जहाज धक्क्याला लागत होतं. आईनं धाकटीला बघितलं, मग ताईला बघितलं. दोघींना एकदम बघून तिचा गोंधळ झाला असावा. "रविवार आहे?" तिनं विचारलं. "नाही आई," ताई म्हणाली. आईनं उशीजवळची चादर हातानं चाचपली, काहीच सापडलं नाही तसा हात तिथेच ठेवला आणि पुन्हा जहाजाकडे बघायला लागली.

ताई उठली आणि कपाटाकडे गेली. पाठमोरीच म्हणाली, "तू म्हणत होतीस ना, आईला तुझ्याकडे नेते म्हणून. ने." धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी हट्ट केला," ताई म्हणत होती, कपाटातले आईचे गाऊन काढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवत, "तू सगळ्यांसमोर बोललीस ना, म्हणून. म्हटलं, करून दाखवीन. पण माझ्याच्यानं नाही होत. तुझं लक्ष असतं. बघ, तिकडे बसून तुला कळलं, आणि मला उशाशी असून कळलं नाही. तू बोललीस ते खरंच होतं." तिचा आवाज साधा होता, भाजी संपली सांगावी तसा. आणि धाकटीला सहा महिने जे हवं होतं ते हे असं, घडी घालून, तिच्यासमोर ठेवलं जात होतं. नुसतं बरं म्हणायचं होतं. संध्याकाळी भाऊजींना गाडी घेऊन बोलवायचं. आईची खोली तर तिनं कधीची रिकामी करून ठेवली होती. टेबल मागवायचं, खिडकीजवळ. ताईला हलकं वाटेल, आईची आबाळ होणार नाही, यात वाईट कुणाचं होतं? आणि ताई उरलेलं सगळं आयुष्य हेच धरून बसेल की आपण दोनदा आईला मारायला निघालो होतो. धाकटीनं ताईच्या पाठीकडे बघितलं. ब्लाउजच्या वर मणके दिसत होते.

"ताई, थांब जरा," ती म्हणाली. "फुगतात आपोआप. पण ही फुगल्याचं मला कळलं होतं. तू दुकानात आलीस त्या दिवशी. झाकण लावताना हाताला लागली. मी स्क्रू सैल करून दिला आणि पाठवून दिलं."

ताईला कळायला वेळ लागला. ती गाऊन हातात धरून वळली. "लागली होती?"

"हो."

"मग काढली का नाहीस?"

"तास लागला असता. तू बाहेर उभी होतीस. मला तुझं तोंड बघायचं नव्हतं."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. धाकटीनं मान खाली घातली नाही, कारण ताईनंही त्या पॅसेजमध्ये घातली नव्हती. पडद्यावरच्या जहाजाचा भोंगा वाजला, आईनं हूं केलं. "सहा महिने," ताई म्हणाली, हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "सहा महिने मी गोळी दिली की रिकामं पाकीट मुठीत धरून बसते. दिली की नाही दिली. परत बघते. परत बघते. तुझा आवाज कानात असतो." धाकटीला वाटलं, माफ कर म्हणावं, पण ते इतकं तोकडं वाटलं की तोंडातून बाहेर येईना. तिनं विचारलं, "मग आईला... राहू दे ना इथेच?"

"नाही," ताई म्हणाली. "आता तर नेच. आता तूही माझ्यासारखीच परत परत बघत बसशील. आईजवळ तसंच माणूस हवं."

तिनं कपाटावरची पिशवी काढून धाकटीकडे टाकली. धाकटीनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. ताई एकेक गाऊन घडी करून आत ठेवत राहिली.